व्हिडिओ गेम दुकानाची फ्रँचायझी : जोखमीचे मापन
(वेळापूरच्या बाजारपेठेच्या संदर्भात)

एखाद्या प्रस्थापित व्यापारी नावाखाली, त्या नावाच्या मालकाने आखून दिलेल्या पद्धतीने, परंतु स्वतःच्या भांडवलावर व स्वतःच्या जबाबदारीवर दुकान चालवण्याचा करार म्हणजे फ्रँचायझी होय. ह्या व्यवस्थेत नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि नफा दोघांचा असा प्रकार असतो. तोटा मात्र बहुधा पैसा घालणाऱ्याच्याच वाट्याला येतो. चहा, औषधे, चष्मे, बालवाडी अशा नानाविध व्यवसायांत ही पद्धती महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. व्हिडिओ गेमचे दुकान हा त्यांतलाच एक प्रकार वाटतो. वस्तुतः त्याच्या नफ्याची घडण इतरांहून इतकी निराळी आहे की, चहाच्या दुकानाला लावलेले आडाखे येथे लावल्यास हिशेब हमखास चुकतो. ही घडण उलगडून दाखवणे आणि सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरसारख्या गावी तिचा अर्थ काय होतो ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेळापूर हे माळशिरस तालुक्यातील पुणे–पंढरपूर मार्गावरचे बाजाराचे गाव. अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरामुळे ते अभ्यासकांना परिचित आहे आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे असल्यामुळे ते सर्वांनाच परिचित आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने ह्या तालुक्यात ऊस आणला व उसाने पैसा आणला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती. फ्रँचायझी विकणाऱ्या प्रतिनिधीच्या दृष्टीने हे चित्र मोहक असते. मोठी लोकसंख्या, बागायती उत्पन्न, रहदारीचा रस्ता आणि शिकणारी तरुण पिढी ही चार कारणे तो हमखास सांगतो. परंतु रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. वारीच्या दिवसांत गावात लोटणाऱ्या समुदायाइतका जनसमुदाय वर्षात एरवी कधी दिसत नाही. त्यांपैकी एकही वारकरी खेळाचे यंत्र विकत घेण्यासाठी थांबणार नाही, हे सांगावयास बाजार-सर्वेक्षणाची आवश्यकता नाही.

घेणारा सहसा विचारतो, “गिऱ्हाईक येईल काय?” हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, आलेल्या गिऱ्हाइकापासून नफा नेमका कोठे होतो? ह्याचे उत्तर मिळवण्यासाठी ह्या व्यापारातील जगातल्या सर्वांत मोठ्या साखळीकडे, म्हणजे अमेरिकेतील गेमस्टॉपकडे, पाहणे उपयुक्त ठरते. कारण सार्वजनिक कंपनी असल्यामुळे तिला आपले हिशेब प्रसिद्ध करावे लागतात. ह्या कंपनीच्या भरभराटीच्या काळातील, म्हणजे २०१२ च्या सुमाराचे, आकडे बोलके आहेत. नवी यंत्रे विकून तिला मिळणारा ढोबळ नफा विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आत होता. नव्या खेळांच्या डिस्कवर तो सुमारे पंचमांश होता. गिऱ्हाइकांकडून परत विकत घेऊन पुन्हा विकलेल्या जुन्या डिस्क व यंत्रे ह्यांवर मात्र तो जवळजवळ निम्मा होता. एकूण विक्रीत जुन्या मालाचा वाटा सुमारे २७ टक्के, आणि एकूण ढोबळ नफ्यात मात्र तो ४० टक्क्यांहून अधिक! दर्शनी काचेआड चमचमणारे नवे यंत्र हे खरोखर गिऱ्हाइकाला आत आणण्याचे साधन होते. दुकान चालत होते ते मागच्या फळीवरील वापरलेल्या डिस्कवर.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे जोखमीचा केंद्रबिंदू आपोआप सरकतो. जुन्या डिस्कचा व्यापार चालण्यास डिस्क असावी लागते. नेटवरून उतरवून घेतलेला खेळ हा खरेदीदाराच्या खात्याशी बांधलेला असतो. तो परत विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, दुकानदाराकडे आणता येत नाही. उत्पादकांना हे फार पूर्वीच उमगले होते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रावर वापरलेल्या डिस्कच्या व्यवहारावर बंधने घालण्याचे जाहीर केले. ग्राहकांच्या क्षोभामुळे त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती घोषणा मागे घ्यावी लागली. मात्र जे आज्ञेने साधले नाही ते सोयीने साधले. सोनीचे पाचवे प्लेस्टेशन २०२० मध्ये आले ते डिस्कसह व डिस्कविना अशा दोन रूपांत. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली त्याची वाढीव आवृत्ती तर डिस्क-चालक न जोडताच विकली गेली. २०२० नंतरच्या वर्षांत सोनीच्या पूर्ण खेळांच्या विक्रीत उतरवून घेतलेल्या प्रतींचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ अधिक राहिले आहे. निन्टेंडोने २०२५ मध्ये आणलेल्या यंत्राच्या काही खेळांच्या पत्त्यांत तर खेळ नसतोच, केवळ त्याची किल्ली असते. खेळ नेटवरूनच घ्यावा लागतो. गेमस्टॉपची दुकाने एके काळी सात हजारांवर होती, ती २०२५ च्या आरंभी सुमारे ३,२०० उरली. २०२१ च्या जानेवारीत ह्याच कंपनीचे भाग शेअरबाजारात गगनाला भिडले होते, ही गोष्ट काही प्रतिनिधी आवर्जून सांगतात. तिचा दुकानांच्या गल्ल्याशी काडीचाही संबंध नव्हता.

येथे एक भेद विसरता कामा नये. गेमस्टॉपची दुकाने प्रायः कंपनीच्या स्वतःच्या मालकीची होती. जे चालेना ते तिने बंद केले. फ्रँचायझीधारकाजवळ ही मोकळीक नसते. त्याचे दुकान एकच, आणि करार पाच किंवा त्याहून अधिक वर्षांचा.

आता हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट कंपनीचे नाहीत, केवळ घडण दाखवण्यासाठी कल्पिलेले आहेत; विद्यार्थ्यांनी त्यांच्या जागी प्रत्यक्ष आकडे घालून पाहावेत. समजा, प्रारंभीचे फ्रँचायझी शुल्क ५ लाख, गाळ्याची सजावट व फर्निचर ६ लाख आणि माल ९ लाख, असे एकूण २० लाख रुपये गुंतले. गाळ्याचे भाडे १५ हजार, दोन नोकरांचे पगार २४ हजार, वीज व नेट ६ हजार, किरकोळ खर्च ५ हजार, म्हणजे दरमहा ५० हजार रुपये ठरीव खर्च झाला. शुल्क व सजावट ह्यांचे ११ लाख करार संपताच शून्यवत होतात. म्हणून ते पाच वर्षांच्या ६० महिन्यांवर वाटले तर दरमहा आणखी १८,३३३ रुपये येतात. एकूण ठरीव भार ६८,३३३ रुपये. ह्यात गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज आणि मालकाच्या स्वतःच्या श्रमाचे मोल धरलेले नाही, हे ध्यानात ठेवावे. बहुतेक कौटुंबिक दुकाने ‘फायद्यात’ दिसतात ती ह्या दोन रकमा वगळल्यामुळेच.

विक्रीची वाटणी अशी धरू : निम्मी विक्री यंत्रांची, तिच्यावर नफा ८ टक्के, ३० टक्के विक्री नव्या डिस्क व जोडवस्तूंची, नफा २० टक्के, २० टक्के विक्री जुन्या मालाची, नफा ४५ टक्के. सरासरी ढोबळ नफा १९ टक्के येतो. मूळ कंपनीची रॉयल्टी विक्रीच्या ५ टक्के असेल तर हाती उरतात १४ टक्के. म्हणजे खर्च भरून निघण्यापुरती विक्री दरमहा सुमारे ४ लाख ८८ हजार रुपयांची व्हावयास हवी. ह्यांपैकी निम्मी यंत्रांची, व यंत्राची किंमत सुमारे ५५ हजार रुपये धरली, तर दर महिन्याला चार ते पाच, म्हणजे वर्षाला ५० हून अधिक यंत्रे वेळापुरात खपली पाहिजेत.

आता डिस्कच्या लोपामुळे जुन्या मालाचा व्यापार थांबला आणि विक्रीत यंत्रांचा वाटा ६५ टक्के व नव्या मालाचा ३५ टक्के झाला असे समजा. सरासरी नफा १२.२ टक्क्यांवर येतो. रॉयल्टी वजा जाता उरतात ७.२ टक्के. खर्च भरून निघण्यास लागणारी विक्री दरमहा सुमारे ९ लाख ४९ हजारांवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. यंत्रे लागतात महिन्याला अकरा. भाडे वाढलेले नाही, पगार वाढलेले नाहीत, गिऱ्हाईक रुसलेले नाही. तरीही दुकान बुडते. रॉयल्टी नफ्यावर नसून विक्रीवर असते, ह्यातील मर्म येथे दिसते. पहिल्या स्थितीत तीच ५ टक्के रॉयल्टी ढोबळ नफ्याचा चौथा हिस्सा घेत होती, दुसऱ्या स्थितीत ती पाचांतील दोन हिस्से घेते. नफा आटत असताना मूळ कंपनीचा वाटा आटत नाही. फ्रँचायझी घेणारा जी जोखीम विकत घेतो ती ही.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, मग फ्रँचायझीची पद्धतच ग्रामीण भागाला घातक मानावी काय? तसे मुळीच नाही. महाराष्ट्रातच ह्याचे उलट उदाहरण गावोगावी उभे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी अभ्यासक्रमासाठी खाजगी चालकांची अधिकृत केंद्रे नेमली. कायद्याच्या भाषेत ह्याला काहीही म्हटले तरी व्यवहाराची घडण फ्रँचायझीसारखीच होती : संगणक, जागा व शिक्षक केंद्रचालकाचे, अभ्यासक्रम व नाव महामंडळाचे, आणि शुल्कात उभयतांचा वाटा. ही केंद्रे तालुक्यांत व मोठ्या खेड्यांत टिकली ह्याचे कारण नावाच्या लोकप्रियतेत शोधणे चूक ठरेल. शासकीय नोकरीसाठी संगणक-अर्हता म्हणून ते प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले होते आणि परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची होती. अर्थात केंद्रचालक जे विकत घेत होता ते अन्यत्र मिळत नव्हते. नावच मागणी निर्माण करत होते. व्हिडिओ गेमच्या दुकानाचे तसे नाही. पाटीवर कोणतेही नाव असो, आतील खेळ तोच असतो व तोच खेळ मोबाइलवरून मागवता येतो. शुल्क देऊन मागणी विकत मिळते की केवळ पाटी, ही कसोटी कोणत्याही फ्रँचायझीला लावता येईल.

मागणीविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यापासून स्वस्त नेट खेड्यांत पोहोचले, आणि ग्रामीण तरुणांचा खेळ मोबाइलवर स्थिरावला. यंत्र आणि दूरदर्शनसंच ह्यांची पायरी त्याने ओलांडलीच नाही. ह्या खेळांत दुकानदाराला विकण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय त्यांचे भवितव्य एका आदेशावर अवलंबून असते : २०२० च्या २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली, तिचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ च्या जुलैत तोही थांबवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच्याभोवती स्पर्धा भरवून शुल्क घेण्याचा बेत असेल तर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाची कक्षा आधी तपासावी. पैशाच्या आशेने पैसे भरून खेळावयाच्या खेळांना त्याने मनाई केली आहे. विक्रीऐवजी तासावर खेळू देण्याचा मार्ग काही जण सुचवतात. घरगुती वापराच्या अनुज्ञेत असा व्यापारी वापर सामान्यतः बसत नाही, आणि संगणक-आज्ञावली व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा अधिकार १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने हक्कधारकाकडे ठेवला आहे. डिस्क भाड्याने देण्याचा जुना धंदा पुष्कळ ठिकाणी चालला तो कोणी विचारले नाही म्हणून.

स्थानिक उत्पन्नाची लय हा ह्या गणितातील दुर्लक्षित भाग. माळशिरस तालुक्यात पैसा बारमाही सारखा फिरत नाही. गाळपाचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किंमत चुकती व्हावयास हवी. प्रत्यक्षात हप्ते रखडतात आणि बाजारपेठेतील उधारी त्यांच्याबरोबर रखडते. कापड दुकानदार व किराणा दुकानदार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. ते ऊसबिलाच्या भरवशावर वही चालवतात आणि पावसाळ्यात हात आखडता घेतात. फ्रँचायझीधारकाला तसे करता येत नाही. त्याची रॉयल्टी दरमहा देय असते, अनेक करारांत तिची किमान रक्कम ठरलेली असते, आणि मालाचा भरणाही कंपनीच्या वेळापत्रकाने करावा लागतो. २०१२-१३ सारखे दुष्काळाचे वर्ष मध्ये आले तर चैनीच्या वस्तूंची खरेदी सर्वांत आधी थांबते. वाणी धान्य जपून ठेवू शकतो. सहा महिने फळीवर राहिलेली खेळाची डिस्क मात्र पेंडखजुरासारखी नव्हे, भाजीसारखी नासते. नवे यंत्रही सहा-सात वर्षांनी जुने होते : २०००, २००६, २०१३, २०२० अशी प्लेस्टेशनच्या चार पिढ्यांची जागतिक आगमनवर्षे आहेत. पाच वर्षांचा करार ह्या चक्राच्या कोणत्या टोकाला सुरू होतो, हे शुल्काच्या रकमेहून अधिक महत्त्वाचे ठरू शकते.

मूळ कंपनीच बुडाली तर काय, ही शंका अतिशयोक्त वाटण्याजोगी आहे. पण ब्रिटनमधील गेम ह्या साखळीचे उदाहरण फार जुने नाही. २०१२ च्या आरंभी काही पुरवठादारांनी तिला नवे खेळ देणे थांबवले, ऐन मागणीचे खेळ फळीवर आले नाहीत, गिऱ्हाईक शेजारी गेले, आणि मार्चमध्ये ती प्रशासकांच्या हाती जाऊन सहाशेंवर दुकानांपैकी २७७ तत्काळ बंद झाली. अशा वेळी एखाद्या फ्रँचायझीधारकाचा गल्ला कितीही स्वच्छ असला तरी त्याच्या फळीवर माल यावयाचा तो त्याच नळातून.

कायद्याचे संरक्षण किती? अमेरिकेत १९७८ मध्ये संघीय व्यापार आयोगाने फ्रँचायझीविषयक नियम केला व २००७ मध्ये तो सुधारला. त्यानुसार विकणाऱ्याला २३ बाबींचे प्रकटीकरण, सही वा पैसे घेण्यापूर्वी किमान १४ दिवस, लेखी द्यावे लागते. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली, हे त्यात येते. सोडून गेलेल्या धारकांचा ठावठिकाणाही येतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. येथे भिस्त १८७२ च्या करार अधिनियमावर, आणि त्यातील दोन कलमे एकत्र वाचणे अत्यंत उद्बोधक आहे. कलम १७ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे बोलण्याचे कर्तव्य नसताना केवळ मौन पाळणे ही लबाडी ठरत नाही. कंपनीची वीस दुकाने बंद पडली असतील आणि कोणी विचारलेच नाही, तर न सांगितल्याबद्दल तिला सहसा दोष देता येणार नाही. कलम १९ च्या अपवादाप्रमाणे तर, मौनाच्या रूपाने लबाडी झाली किंवा विधान चुकीचे निघाले, तरी साधारण दक्षतेने सत्य शोधून काढण्याची साधने ज्याच्याजवळ होती त्याला करार रद्द करून घेता येत नाही. तात्पर्य, कायदा विचारणाऱ्याच्या बाजूने आहे, गप्प बसणाऱ्याच्या नव्हे. म्हणून प्रश्न लेखी विचारावेत व उत्तर लेखी घ्यावे : बंद दुकानांची संख्या, आपल्यासारख्याच आकाराच्या गावांतील दुकानांची मासिक विक्री, जुन्या मालाचा तीतील वाटा. ह्यांतील शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळले गेले, तर ते टाळणे हेच उत्तर समजावे.

करारातील काही कलमांकडे विशेष लक्ष हवे. ‘तालुक्यात दुसरे दुकान देणार नाही’ असे आश्वासन असते. पण कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरून वेळापूरच्याच पिनकोडवर माल पाठवणार नाही, असे त्यात क्वचितच असते. अकलूज हाकेच्या अंतरावर असल्याने तेथील दुकान ‘क्षेत्रात’ मोडते की नाही, हेही शब्दांत हवे. स्पर्धेला मनाई करणारे कलम करार चालू असताना बहुधा टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला ह्या १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तसे मानले आहे. करार संपल्यानंतरच्या मनाईची गोष्ट निराळी, तिला कलम २७ आडवे येते. मुदतपूर्व सोडल्यास भरावयाच्या रकमेवर कलम ७४ ची वाजवी भरपाईची मर्यादा आहे. अर्थात हे सारे लवादापुढे, आणि लवादाचे ठिकाण बहुतेक छापील करारांत कंपनीचे शहर असते; माळशिरसहून तेथे तारखांना जाण्याचा खर्च हाही जोखमीचाच भाग.

सर्वांत शेवटी गाळा. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा, अशी जोडी तालुक्याच्या गावांत सर्रास आढळते. जागेच्या मालकाने बाराव्या महिन्यात भाडे वाढवले, तर रॉयल्टीचा करार त्याला बांधत नाही आणि सहा लाखांची सजावट उचलून नेता येत नाही. दोन्ही करारांची मुदत एकच असावी, आणि करार संपल्यास न खपलेला माल किती टक्के किमतीला व किती दिवसांत परत घेतला जाईल ते आकड्यांत लिहिलेले असावे. ‘परस्पर संमतीने’ असा शब्दप्रयोग त्या जागी आला असेल, तर नऊ लाखांच्या मालाची किंमत त्या दिवशी काय येईल ह्याचा अंदाज बाजारात स्वतः फिरून आधीच काढून ठेवणे बरे.